अमावास्या नसलेलं सॉफ्टवेअर

मी फार बोलत नाही. ऑफिसात नाही, घरी नाही, लग्नाच्या पंगतीत तर अजिबातच नाही. बायको म्हणते, "ह्यांच्या पोटात काय आहे ते सोनोग्राफीतसुद्धा दिसायचं नाही." आमच्या धंद्यात हा स्वभाव खपून जातो, कारण दिवसभर समोर संगणक असतो आणि त्याला गप्पांची हौस नसते. तोटा एवढाच, की पोटात राहिलेलं तिथंच मुरत बसतं. या दिवाळी अंकाचे संपादक 'तुमच्या कामातलं काहीतरी गमतीचं लिहा' म्हणून मागं लागले, तेव्हा ठरवलं की आता काढून टाकावं. गोष्टी दोन आहेत. पहिली आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत झाली आहे. दुसरी माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे. ती शेवटी सांगतो, कारण तिच्यासाठी अजून धाडस गोळा करतो आहे.

आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, मोटारीच्या सुट्या भागांच्या एका दुकानाच्या वर. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळ गावातली माणसं किटल्या घेऊन संस्थेत येतात. दूध मोजायचं, फॅट बघायची, फॅटप्रमाणं दर लावायचा, आणि दर दहा दिवसांनी पशुखाद्याची कपात करून ज्याचं त्याचं बिल काढायचं. पूर्वी संस्थेचा सेक्रेटरी हे हातानं करायचा आणि शिव्या खायचा. आता आमचा प्रोग्राम करतो. शिव्या अजून सेक्रेटरीच खातो. मात्र तो त्या फोनवरून आमच्यापर्यंत पोचवतो.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गडहिंग्लजकडचं लिंगायत घराणं. घरात कानडी, दुकानात मराठी, राग आला की दोन्ही. वडिलांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. अण्णांना स्वतःला प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नाही, पण दूध आणि माणूस दोन्ही पातळ आहे की घट्ट, हे लांबून कळतं. मला नोकरीवर घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "घरात म्हस हाय का?" होती. झाली मुलाखत. त्या दिवसापासून मी त्यांचा 'इलास'. विलास हे माझं नाव त्यांनी कधी पूर्ण उच्चारलं नाही, आणि मलाही त्याची गरज वाटली नाही. पुढं एकदा उच्चारलं, तेव्हा किती लागलं ते सांगेनच.

अण्णांचा ऑफिसात एकच कडक नियम होता. अमावास्येला नवीन काही सोडायचं नाही. म्हणजे त्या दिवशी प्रोग्राममध्ये बदल करून गिऱ्हाइकाला पाठवायचा नाही. त्यांच्या वडिलांचं वर्कशॉप अमावास्येला बंद असायचं, आमच्याकडं गवंडी-सुतारही त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत. त्यात आमचं अगदी पहिलं व्हर्जन नेमकं अमावास्येला एका संस्थेत बसवलं गेलं, आणि यादीतली नावं एका ओळीनं खाली सरकली. प्रत्येकाला शेजाऱ्याचं बिल आलं. सरपंचांच्या दहा म्हशी, त्यांच्या हातात एका गायवाल्याचं बिल. सरपंचांचं बिल एका शेळीवाल्या म्हातारीला. सगळ्यांनी बिलं परत केली, म्हातारीनं नाही केलं. "कॉम्प्युटर खोटं बोलतुया व्हय?" असं तिनं अण्णांनाच विचारलं. त्या दिवसापासून नियम पक्का.

एकदा मी धीर करून म्हणालो होतो, "अण्णा, लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच असतं की."

"ती लक्ष्मीची अमावास्या. तिला चालती. आपलं सॉफ्टवेअर काय लक्ष्मी हाय?"

दर अमावास्येला अण्णा सकाळीच नृसिंहवाडीला, म्हणजे आमच्या भाषेत वाडीला, दत्ताला जायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी कवठाची बर्फी आणायचे. बर्फी वाटून झाली की केबिनमध्ये बसून आदल्या दिवसाच्या नोंदी बघायचे. नोंद नसली की समाधानानं चहा मागवायचे.

या नोंदी म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

प्रोग्राम म्हणजे एक लांबच लांब पाककृती. ती पाच-सहा माणसं एकाच वेळी दुरुस्त करत असतात. एकजण मीठ घालतो, दुसरा तेच काढतो, तिसऱ्याला वाटतं मीठ घालायचं राहिलंय. म्हणून एक अशी व्यवस्था लागते, की कुणी, कधी, काय आणि का बदललं हे सगळं तिच्यात राहील आणि हवं तेव्हा मागं जाऊन जुनी पाककृती काढता येईल. आमच्याकडं कोपऱ्यातल्या एका मशीनवर अशी एक जुनी व्यवस्था होती. तिचं नाव सांगत नाही; ज्यांनी ती बनवली तेही आता तिचं नाव घेत नाहीत. आपला बदल तिच्यात जमा करणं याला आम्ही चेक-इन म्हणतो. आणि चेक-इन झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही जायचं नाही, हाही नियम होता. तो मात्र मी केलेला.

या जुन्या व्यवस्थेला एक खोड होती. बदल कधी झाला याची वेळ ती स्वतःच्या घड्याळावरून घ्यायची नाही. जो जमा करायला आला त्याच्या संगणकाचं घड्याळ बघायची. म्हणजे कारखान्याच्या गेटवर हजेरी मांडणाऱ्यानं भिंतीवर न बघता कामगारालाच विचारावं, 'तुझ्या मनगटावर किती वाजलेत?' आणि तो सांगेल ते मांडावं.

हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं हेच पुढच्या सगळ्याचं मूळ.

एका अमावास्येला शिरोळकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी फटफटीवरून आले. हेल्मेटसकट वर आले आणि हेल्मेटसकटच बोलायला लागले. दूध संघानं दर बदलला होता, आम्ही नवा दर भरला होता, आणि भरताना म्हशीचा दर गाईला आणि गाईचा म्हशीला लागला होता.

"गायवाले पेढे वाटालेत," ते म्हणाले, "आन् म्हशीवाले माझ्या दारात बसलेत. काठ्या घिऊन."

"उद्या सकाळी पहिलं काम तुमचं. आज अमावास्या आहे."

त्यांनी हेल्मेट काढलं. "पावणं, म्हशीला कुठं कळती अमावास्या? ती दूध देतीया की!"

माझ्या घरीही म्हैस होती. दुरुस्ती दोन ओळींची होती. अण्णा वाडीला. मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली, तारीख एक दिवस मागं नेली, चेक-इन केलं आणि तारीख पुन्हा पुढं आणली. सेक्रेटरी दुरुस्त प्रोग्राम घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी नोंदी बघितल्या. अमावास्या कोरी. त्यांनी मला बर्फीचा एक तुकडा जास्त दिला.

एकदाच, असं मी मनाशी म्हणालो होतो. पण दूध रोज येतं आणि अमावास्या दर महिन्याला. हळूहळू सगळ्या ऑफिसला ही युक्ती कळली. मी शिकवली नाही, पण थांबवलीही नाही. सकाळी पोरं एकमेकांना विचारायची, "आज काल हाय का रं?" आणि उत्तर यायचं, "व्हय, काल हाय." यात सर्वांत उत्साही संजय, म्हणजे आमचा संज्या. शिवाजी पेठेतला, तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गोलकीपर असून तो ऑफिसात काहीच अडवत नसे. एकदा घाईत त्यानं दिवसाऐवजी वर्षच मागं नेलं आणि दुपारपर्यंत गेल्या वर्षात बसून काम केलं. अँटीव्हायरस बोंबलायला लागला तेव्हा कळलं.

आणि अण्णा? अण्णांनी या नियमाची जाहिरात सुरू केली. माहितीपत्रकावर, गणपतीच्या फोटोखाली, ठळक अक्षरात: 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अमावास्येला लिहिलेली एकही ओळ नाही.' हसू नका. या एका वाक्यावर सीमाभागातल्या कितीतरी संस्था आमच्याकडं आल्या. चेअरमन मंडळी यायची, बाकीचं काही विचारायची नाहीत, हेच विचारायची. अण्णा माझ्याकडं बोट करायचे, "हा आमचा इलास. ह्येला इचारा." मी मान डोलवायचो. न बोलणाऱ्या माणसाची मान लोकांना फार खरी वाटते. महिन्यातून एकदा बर्फी गिळताना घशाशी यायचं. माझ्या पापाला अजून कवठाची चव आहे.

अशी वर्षं गेली. अण्णा थकले. मुलं बंगळूरला, त्यांना दुधाचा वास नको. तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं आमचा धंदा घ्यायची तयारी दाखवली. अण्णांची एकच अट: माणसं सगळी घ्यायची, एकही कमी करायचा नाही. मी तुम्हाला नको असलो तरी चालेल, पण संज्यालाही घ्यायचं, असं ते म्हणाले होते. कंपनीचीही एक अट होती. प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय, कुठून उचललेला नाही, याचा पुरावा म्हणून पहिल्या दिवसापासूनची सगळी हिस्टरी, म्हणजे याच नोंदी, हवी. ती जुन्या व्यवस्थेतून काढून गिट नावाच्या नव्या व्यवस्थेत घालून द्यायची. हल्ली सगळं जग गिट वापरतं. हिस्टरी बरोबर निघाली तर सौदा, नाहीतर अण्णा आणि आम्ही सगळे शाहूपुरीत जिथल्या तिथं.

हे काम माझ्याकडं आलं. याला मायग्रेशन म्हणतात. घर बदलण्यासारखं असतं. सामान हलवायला काही नाही, पण माळ्यावरनं काय काय निघतं त्याची धास्ती.

कंपनीच्या तपासनीस केतकी मॅडम फोनवर म्हणाल्या, "हिस्टरी जशी आहे तशी पाठवा हं. साफसूफ काही करू नका."

मी पहिल्यांदा चालवून बघितली आणि लगेच बंद केली. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक फाइलची हिस्टरी वेगळी असते. नव्यात सगळ्यांची मिळून एक सलग माळ करावी लागते, आणि ती माळ करणारं यंत्र मणी तारखेप्रमाणं ओवतं. आमच्या तारखा म्हणजे आमची मनगटं. दुरुस्ती आधी आणि चूक नंतर, असं सगळं निघालं. पोरगं आधी जन्मलं, मग आई-बापाचं लग्न. मी कारणं सांगून आठवडा काढला. मशीनमध्ये धूळ आहे, नेट हळू आहे, गावची यात्रा आहे. शेवटी पाठवली.

मग मीटिंग झाली. पुण्याहून केतकी मॅडम टीव्हीच्या पडद्यावर. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट, कोट आणि पायात नवे बूट घातले होते. "बूट दिसत नाहीत, अण्णा," मी म्हणालो. "मला दिसत्यात की," ते म्हणाले.

"विलास सर," केतकी मॅडमनी सुरुवात केली, "दराच्या फाइलची चौदावी आवृत्ती एका दिवशी संध्याकाळची, आणि पंधरावी त्याच दिवशी सकाळची. असं कसं?"

मी पाण्याचा ग्लास पुढं ओढला.

"मॅडम, आमच्याकडं लाइट जाती," अण्णा मदतीला आले.

"लाइट गेली म्हणून घड्याळ असं मागं जात नाही ना, अण्णा. आणि हे एकदा नाही, जवळजवळ दर महिन्याला आहे. शिवाय संजय यांचं पहिलं चेक-इन त्यांच्या नेमणुकीच्या आधीचं दिसतंय."

संज्या खुर्चीत पुढं सरकला. "मॅडम, मला पहिल्यापासनंच आवड होती."

त्या हसल्या नाहीत. "मला स्पष्टच विचारावं लागेल. ही हिस्टरी नंतर बसून तयार केलेली आहे का?"

अण्णा उठून उभे राहिले. पडद्यावर आता त्यांचा फक्त कोट दिसत असणार. "मॅडम, काय पायजे ते बोला, पर आमचा इलास खोटं करत न्हाय. हितं अमावास्येला एक ओळ लिवली जात न्हाय, मग खोटं कुठलं? इलास, सांग मॅडमना."

माझ्या डाव्या हाताला अण्णा, समोर केतकी मॅडम, भिंतीवर डकवलेल्या माहितीपत्रकात गणपतीच्या फोटोखालचं ते वाक्य. गप्प राहिलो असतो तर सौदा गेला असता. बोललो असतो तर अण्णा गेले असते. आयुष्यभर मला गप्प राहणं सोपं गेलं, त्या दिवशी ते पहिल्यांदा जड झालं.

"मॅडम," मी म्हणालो, "त्या दिवशी अमावास्या होती."

"सॉरी?"

मग मी सगळं सांगितलं. म्हशीवाले, काठ्या, हेल्मेट, घड्याळ, 'आज काल हाय का'. ऑफिसात मी एवढं सलग कधीच बोललो नव्हतो. अण्णांकडं न बघता बोललो.

केतकी मॅडमनी मोबाइल उचलला, पंचांग उघडलं आणि एकेका उडीच्या दुसऱ्या दिवसाची तिथी मोठ्यानं तपासायला लागल्या. "ही... अमावास्या. ही पण अमावास्या. ही, थांबा, हो, अमावास्या." प्रत्येक अमावास्येला अण्णा खुर्चीत थोडे खाली जात होते. "ही मात्र नाही. ही अष्टमी आहे."

संज्यानं हात वर केला. "ती मॅच होती, मॅडम. मी चार वाजता गेलतो. दुसऱ्या दिवशी येऊन कालचं काम कालच केल्यागत दाखवलं."

आता त्या हसल्या. इतक्या हसल्या की त्यांनी कॅमेरा बंद केला. परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "मी खोट्या हिस्टऱ्या खूप पाहिल्यात, सर. त्या नेहमी स्वच्छ असतात. पंचांगाप्रमाणं चुकणारी हिस्टरी कुणी मुद्दाम बनवणार नाही. माझ्याकडून पास."

संज्यानं टेबलावर थाप मारली, पोरं ओरडली. अण्णा उठले. आपल्या खुर्चीवरचा पंखा बंद केला. रागातही वीज वाया घालवायची नाही. दारापाशी थांबले.

"विलासराव, आपण फार चांगलं बोललात," ते म्हणाले आणि गेले.

अण्णा दुखावले की त्यांची मराठी शुद्ध होते, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून 'हाय' गेलं, 'न्हाय' गेलं. "विलासराव, आपण चहा घेतलात का?" "विलासराव, ही फाइल आपण पाहावी." रॅकमधली माहितीपत्रकं नाहीशी झाली. बर्फी बंद. घरी सांगितलं तर बायको घाबरली, "अण्णा तुम्हाला आपण म्हणतात? अहो, मग त्यापेक्षा शिव्या मागून घ्या."

मागायलाच केबिनमध्ये गेलो. "अण्णा, चुकलं."

"चुकलं कुठे? धंदा चालला. माणसांच्या नोकऱ्या राहिल्या." ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "मी मात्र दर अमावास्येला वाडीला घाटाच्या पायरीवर बसून देवाला सांगत होतो, आमची मुलं आज यंत्राला हात लावत नाहीत. देवाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं. संजयला, चहावाल्याला, त्या शिरोळच्या सेक्रेटरीला ठाऊक होतं. मला एकट्यालाच नव्हतं, विलासराव."

त्यांनी पेपरवेट थांबवला. "त्या खोट्या तारखांचं आता काय करणार आपण?"

इथं मला गिटचे उपकार मानावे लागतात. गिटमध्ये प्रत्येक बदलाला तारखेचे दोन खाने असतात. बदल लिहिला कधी, हा एक. आणि नोंदवला कधी, हा दुसरा. केतकी मॅडमच म्हणाल्या होत्या, की एकात खरी तारीख घाला, दुसऱ्यात जुन्या नोंदीतली राहू द्या. मी हे अण्णांना सांगितलं.

"म्हणजे अमावास्या एका खान्यात, आणि मी दुसऱ्या."

"हो."

"बरं आहे. शेजारी तरी राहतील," ते म्हणाले. पण 'इलास' म्हणाले नाहीत.

पंचांग उघडून मी एकेक तारीख जागेवर बसवली. शेवटची हिस्टरी पुण्याच्या मशीनवर चढवायचा दिवस केतकी मॅडमनी ठरवला, आणि ठरवून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. "अय्यो, अण्णा, त्या दिवशी अमावास्या आहे. बदलायचा का?"

"नको," अण्णा म्हणाले. "आम्ही आता आधुनिक झालो आहोत."

त्या अमावास्येला अण्णा वाडीला गेले नाहीत. सकाळी ऑफिसात आले, कोपऱ्यातल्या मशीनशेजारी खुर्ची ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर माणसं बसतात, तसे.

"विलासराव, घड्याळाला हात लावायचा नाही."

"नाही, अण्णा."

मी काम सुरू केलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. आमची सगळी वर्षं पुण्याला निघाली होती. म्हातारीचं बिल, म्हशीचा दर, संज्याचं ते गेलेलं वर्ष. कुठंही अडत नव्हतं. इतकं सुरळीत काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि तीच अडचण होती. मी पट्टीकडं बघत नव्हतो, अण्णांकडं बघत होतो. पट्टी पुढं सरकेल तसा त्यांचा चेहरा उतरत होता. अमावास्येला, उघड्या घड्याळानं, एवढं मोठं काम बिनबोभाट होतंय. म्हणजे इतकी वर्षं वाडीची पायरी, वडिलांचं बंद वर्कशॉप, गणपतीखालचं वाक्य, सगळं उगाच? त्यांनी विचारलं नाही.

अर्ध्याच्या पुढं पट्टी गेली आणि एकाएकी थांबली. लाल ओळ आली.

"काय झालं?" अण्णा.

"थांबलं."

"थांबलं?"

"लाइन तुटली, अण्णा. पुण्याला पोचलं नाही."

अण्णा उभे राहिले. खोलीभर बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पहिलं गिऱ्हाइक मिळालं तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

"मी सांगत हुतो का न्हाय? आरं इलास, लेका, सांगत हुतो का न्हाय मी? म्हनं आधुनिक! दगडाचं आधुनिक! ह्या दिवशी मशीन मशीनचं ऐकत न्हाय, हे माझ्या बानं मला सांगितलंय!" त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "केतकी मॅडम, आज ऱ्हाऊ दे. उद्या. न्हाय, काय बिघडलं न्हाय, पर आज अमावास्या हाय. तुमच्या पुण्यात नसंल, आमच्यात असती."

त्या हसत 'चालेल' म्हणाल्या. अण्णा पायऱ्या उतरले ते थेट वाडीच्या गाडीला. जाताना खालच्या दुकानदारालाही सांगून गेले. ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं एका दमात चढलं. सौदा झाला. आम्ही सगळे आता पुण्याच्या कंपनीत आहोत, संज्यासुद्धा, बसायला मात्र शाहूपुरीतच. त्या दुपारी अण्णांनी बर्फीचा आख्खा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "खा, इलास." मी दोन तुकडे खाल्ले. घशाशी आले, पण गेले.

आता दुसरी गोष्ट.

त्या दिवशी लाइन तुटली नव्हती. टेबलाखाली नेटची वायर असते. मी पेन पाडलं, आणि पायाच्या अंगठ्यानं ती वायर खेचली. असं केल्यानं काही बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागतं एवढंच, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं हेच माझ्या सगळ्या पापांचं मूळ. अण्णा गेल्यावर वाकून ती परत बसवत होतो, तर शेजारी संज्याचे पाय.

"सर, फाउल हुता."

मी वर बघितलं.

"रेफ्री खुश हाय," तो म्हणाला. "खेळ चालू." गोलकीपरनं हेही अडवलं नाही.

एवढी वर्षं अण्णांची अमावास्या मी चोरून मोडली. एकदा चोरूनच परत जोडली. यातलं कुठलं जास्त खोटं, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि गिटमध्ये त्याला तिसरा खाना नाही.

अण्णा हा अंक दरवर्षी घेतात. लक्ष्मीपूजन आटोपलं की चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसतात, म्हणजे आज ते इथवर आले असतील. अण्णा, घड्याळाला मी खरंच हात लावला नव्हता. पायानं वायर काढली. राग येणारच. पण आज अमावास्या आहे, आणि आज नवीन काही सुरू करायचं नाही हा तुमचाच नियम. तेव्हा आजच्या दिवस थांबा. पाडव्याला सकाळी मी घरी येतो, तेव्हा सुरू करा. कानडीत करा, मराठीत करा, दोन्हीत करा.

फक्त 'विलासराव' म्हणू नका.